सासू, सून आणि हाकोनेचे गरम पाणी

वाचकांचे पत्र

स. न. वि. वि.

माझा मुलगा आणि सून नोकरीनिमित्त योकोहामा येथे राहतात. येत्या नोव्हेंबरात मी (वय ६१) आणि माझे यजमान (वय ६७) त्यांच्याकडे जाणार आहोत. हाकोने येथील एका पारंपरिक जपानी अतिथिगृहात, ज्याला तिकडे र्‍योकान म्हणतात, चौघांनी एक रात्र राहावे असे मुलाच्या मनात आहे. भाडे माणशी ३० हजार येन, हे ऐकून यजमान गप्पच झाले. माझी अडचण वेगळी आहे. तेथे गरम झऱ्याच्या पाण्याने भरलेल्या स्त्रियांच्या सामाईक कुंडात अंगावर एकही वस्त्र न ठेवता उतरावे लागते. सुनेसमोर मी असे कसे करू? शिवाय आम्ही शाकाहारी आहोत, चातुर्मासात कांदा-लसूणही खात नाही. यजमानांना रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि मला जमिनीवर बसले की उठताना आधार लागतो. मुलगा म्हणतो, त्या पाण्याने गुडघे बरे होतील. नाही म्हणावे तर त्याचा विरस होईल. काय करावे?

एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण लिहिलेल्या अडचणींपैकी बहुतेक अडचणी आधी केलेल्या एका फोनने किंवा खोलीच्या योग्य निवडीने सुटण्यासारख्या आहेत. सुनेसमोर स्नान करण्याची अडचण तशी सुटणारी नाही, म्हणून तिच्यापासूनच आरंभ करतो.

आपल्या पत्रात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. अनोळखी जपानी स्त्रियांसमोर विवस्त्र होण्याबद्दल आपण एक शब्दही लिहिलेला नाही. आपला सगळा संकोच सुनेपाशी येऊन थांबला आहे. हे अगदी स्वाभाविक आहे. ज्या माणसांना आपण पुन्हा कधी पाहणार नाही त्यांची लाज माणसाला फार वेळ वाटत नाही. ज्या मुलीसमोर उद्या सकाळी चहाचा कप हातात घेऊन बसायचे आहे, तिची वाटते. परंतु मग हाही विचार करावा की आपली सून तरी कोणत्या अवस्थेत असेल? ती ‘आई, मला संकोच वाटतो’ असे आपल्याला म्हणू शकत नाही, आणि नवऱ्याने हौसेने आखलेल्या बेतात खोडा घालणेही तिला प्रशस्त वाटत नसेल. माझा अंदाज असा की या घरात दोन स्त्रिया एकाच कारणाने अस्वस्थ आहेत आणि दोघीही मुलासाठी गप्प आहेत. आपण वयाने वडील आहात, तेव्हा पहिला शब्द आपणच काढावा. ‘तू तुझ्या वेळेला जा, मी माझ्या वेळेला जाईन’ एवढेच तिला फोनवर सांगितलेत तर तिच्याही डोक्यावरचे ओझे उतरेल. र्‍योकानमधील कुंडे दुपारपासून रात्री उशिरापर्यंत आणि पुन्हा पहाटेपासून उघडी असतात. एकाच वेळी जाण्याची सक्ती कोणी करत नाही.

दुसरा मार्ग याहूनही सोपा आहे. बऱ्याच र्‍योकानमध्ये लहानसे खासगी कुंड ठरावीक वेळेसाठी, साधारणपणे पाऊण ते एक तासासाठी, राखून ठेवता येते. त्याला तिकडे ‘काशिकिरी’ म्हणतात. काही ठिकाणी ते विनामूल्य असते, काही ठिकाणी वेगळे शुल्क पडते. आतून कडी लावता येते, आणि पतिपत्नींनी एकत्र जाण्यास कोणाचीही हरकत नसते. यजमानांच्या रक्तदाबाचा विचार करता आपण दोघांनी तेच घ्यावे असे मी आग्रहाने सुचवीन, कारण सामाईक कुंडांत पुरुष एकीकडे आणि स्त्रिया दुसरीकडे जातात, आणि तिथे त्यांना घेरी आली तर आपल्याला कळणारही नाही. ज्या खोल्यांना स्वतःचे उघड्यावरचे कुंड जोडलेले असते त्या मात्र बऱ्याच महाग असतात, आणि एका रात्रीसाठी तेवढा खर्च करावा असे मला वाटत नाही.

आता वस्त्राविषयी. आपल्याकडे वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या किंवा कोकणातल्या उन्हाळ्यांवर, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांवर, स्त्रिया नेसत्या लुगड्यानिशी पाण्यात उतरतात, त्यामुळे जपानी रीत आपल्याला धक्कादायक वाटते. तिकडचा विचार असा की पाणी सर्वांचे आहे, म्हणून त्यात साबण, मळ किंवा कापडाचे धागे जाता कामा नयेत. याच कारणाने पोहण्याचा पोशाखही चालत नाही. अंग आधी बाहेर पूर्ण स्वच्छ करायचे आणि मगच पाण्यात उतरायचे. हे बाहेरचे स्नान कसे असते हे पाहिलेत तर आपल्याला जुने न्हाणीघर आठवल्यावाचून राहणार नाही: भिंतीलगत नळ, समोर घंगाळासारखे भांडे, बसायला पाटाहून थोडे उंच असे लहानसे आसन. बसूनच अंग चोळायचे. उभे राहून शेजारणीच्या अंगावर पाणी उडवणे असभ्य समजतात. साबणाचा लवलेशही उरणार नाही इतके अंग धुतल्यावर आसन आणि भांडे विसळून जागेवर ठेवायचे, केस बांधायचे आणि हळूहळू पाण्यात शिरायचे. आपल्या पिढीला हे सगळे शिकवावे लागत नाही. शॉवरखाली उभ्या राहणाऱ्या आपल्या मुलांना मात्र शिकवावे लागते. बरोबर एक लहान पंचा मिळतो, तो चालताना अंगापुढे धरावा आणि पाण्यात बसल्यावर घडी करून डोक्यावर किंवा काठावर ठेवावा. तो पाण्यात बुडवायचा नसतो. आणि कोणी कोणाकडे पाहत नाही हे खरोखरच पाळले जाते. वाफ दाट असते, दिवे मंद असतात, आणि ज्यांना चष्मा आहे त्यांचा चष्मा बाहेर राहिलेला असतो.

दारावर लोंबणारे कापडी पडदे मात्र नीट पाहावेत. स्त्रियांची आणि पुरुषांची कुंडे रात्रीतून आपापसांत बदलण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे, जेणेकरून प्रत्येक पाहुण्याला दोन्हींचा लाभ मिळावा. काल रात्री ज्या दारातून आपण आत गेलात तेच दार सकाळी पुरुषांचे असू शकते. ‘स्त्री’ आणि ‘पुरुष’ ही दोन चित्राक्षरे सुनेकडून कागदावर काढून घ्यावीत आणि यजमानांनाही दाखवावीत.

दोन गोष्टी आपण विचारलेल्या नाहीत, परंतु सांगणे आवश्यक आहे. आपल्या पिढीतील अनेक स्त्रियांच्या हातावर गोंदण असते. आपल्या हातावर असल्यास ते र्‍योकानला आधी कळवावे. जपानमध्ये गोंदणाचा संबंध संघटित गुन्हेगारांच्या टोळ्यांशी जोडला जातो, आणि तेथील पर्यटन विभागाने २०१५ साली केलेल्या पाहणीत उत्तर देणाऱ्या निम्म्याहून अधिक ठिकाणांनी अंगावर गोंदण असलेल्यांना सामाईक कुंडात प्रवेश देत नसल्याचे सांगितले होते. मनगटावरच्या हिरव्या तुळशीवृंदावनाचा टोळीशी काय संबंध, असे आपल्याला वाटेल, आणि ते योग्यच आहे. परंतु २०१३ साली होक्काइदो बेटावर न्यूझीलंडच्या एका माओरी स्त्रीला, तिच्या चेहऱ्यावरचे गोंदण परंपरेचे असूनही, स्नानगृहातून परत पाठवण्यात आले होते. लहान गोंदणावर त्वचेच्या रंगाची पट्टी लावून काम भागते. खासगी कुंडात तर प्रश्नच उद्भवत नाही. दुसरी गोष्ट जोडव्यांची. हाकोनेत निरनिराळ्या प्रकारचे झरे आहेत, आणि त्यांपैकी काहींच्या पाण्यात गंधक असते. तेथल्याच ओवाकुदानी येथे त्या पाण्यात उकडलेल्या अंड्यांची कवचे काळीकुट्ट होतात आणि लोक ती मुद्दाम विकत घेऊन खातात. चांदीचेही तेच होते. जोडवी, पैंजण आणि शक्य झाल्यास मंगळसूत्रही खोलीतील तिजोरीत ठेवूनच स्नानास जावे.

जेवणाचा प्रश्न मला स्नानापेक्षा अवघड वाटतो, आणि तो आपण पत्रात एका वाक्यात उरकला आहे. र्‍योकानच्या भाड्यात रात्रीचे जेवण आणि सकाळची न्याहारी बहुधा धरलेली असते, आणि हे जेवण म्हणजे एकामागून एक येणाऱ्या लहान लहान पदार्थांची लांबलचक पंगत असते. त्यात मासे तर असतातच, परंतु जिथे मासा दिसत नाही तिथेही तो असतो. जपानी सूप, उकडलेल्या भाज्या, बुडवून खायचे सॉस, या सगळ्यांचा पाया म्हणजे ‘दाशी’ नावाचे पाणी, आणि ते बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या पातळ कापांपासून काढतात. ‘आम्ही शाकाहारी आहोत’ एवढेच सांगितले तर आचारी मांस आणि मासा वगळील आणि भोपळ्याची भाजी निर्धास्तपणे त्याच पाण्यात शिजवील. त्यात त्याचा काही दोष नाही. म्हणून मुलाने जपानीत स्पष्ट लिहून विचारावे: मांस नाही, मासा नाही, अंडे चालते की नाही, आणि दाशी केवळ कोंबू या समुद्री वनस्पतीची किंवा शिताके अळंब्यांची करता येईल का. अनेक र्‍योकान ‘क्षमस्व, जमणार नाही’ असे उत्तर देतील. त्या उत्तराचा राग मानू नये, उलट आभार मानावेत. अर्धवट होकार देणाऱ्या ठिकाणापेक्षा ते बरे.

हे सर्व आरक्षणाच्या वेळीच कळले पाहिजे. र्‍योकान हे हॉटेल असले तरी त्याची रीत पाहुणचाराची आहे. आपण येणार म्हणून त्या दिवसाचा बाजार झालेला असतो आणि किती माणसांची पाने मांडायची हे ठरलेले असते. आपल्याकडे पंगतीत बसलेला पाहुणा पान वाढून झाल्यावर ‘मला हे चालत नाही’ म्हणाला तर घरच्या गृहिणीला जे वाटते, तेच त्या आचाऱ्याला वाटते, आणि आयत्या वेळी तो फार तर पांढरा भात, लोणचे आणि टोफू देऊ शकतो. माणशी ३० हजार येन देऊन दहीही नसलेला भात खाण्यापेक्षा, र्‍योकानने नकार दिल्यास, जेवणाशिवायची खोली घेऊन बाहेर जेवावे; भाडेही त्या मानाने कमी होते. आणि मेतकूट-चटणीचे डबे खोलीतच राहू द्यावेत. भोजनाच्या दालनात ते उघडणे बरे दिसणार नाही.

कांदा-लसणाविषयी एक गंमत सांगतो. जपानी बौद्ध मठांच्या ‘शोजिन’ स्वयंपाकात मांस-मासा तर नसतोच, पण कांदा आणि लसूणही वर्ज्य असतो. कूकाई या आचार्यांनी इ. स. ८१६ मध्ये स्थापन केलेल्या कोया पर्वतावरील पीठात आजही पन्नासच्या आसपास मठ यात्रेकरूंना आणि पर्यटकांना मुक्कामास ठेवतात, आणि तेथे तिळाच्या दुधाचा घट्ट टोफू, वाळवलेला टोफू, डोंगरातल्या भाज्या असे जेवण मिळते. जमिनीवरची गादी, सरकती दारे, चटयांची खोली हे सगळे र्‍योकानसारखेच. मात्र बहुतेक मठांत उष्ण झऱ्याचे पाणी नसते, आणि ते ठिकाण ओसाकाच्या बाजूला असल्याने योकोहामाहून लांब पडते. पुढेमागे क्योतो-ओसाकाचा बेत झाल्यास लक्षात ठेवावे. या खेपेस हाकोनेच सोयीचे, कारण योकोहामाहून ओदावारापर्यंत रेल्वेने साधारण तासाभराचा प्रवास, आणि तेथून हाकोने-युमोतो पंधरा-वीस मिनिटांवर.

गुडघ्यांसाठी खोली निवडतानाच काळजी घ्यावी. ‘जपानी-पाश्चात्त्य मिश्र’ पद्धतीच्या खोल्या आता पुष्कळ ठिकाणी असतात. त्यांत चटयांचा भाग असतो आणि झोपायला पलंगही असतो. रात्री जमिनीवर घातलेल्या गादीवरून दोन वेळा उठावे लागले तर दुसऱ्या दिवशीचे फिरणे संपलेच म्हणून समजावे. जेवणासाठी टेबल-खुर्चीची व्यवस्था आहे का हेही विचारावे. कित्येक ठिकाणी बिनपायाच्या, पाठ टेकता येणाऱ्या खुर्च्या देतात. त्या पाठीला उपयोगी असल्या तरी गुडघ्यांना त्यांचा काही फायदा नाही. कुंडात उतरण्याच्या पायऱ्यांना कठडा आहे की नाही हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण दगड ओला आणि बुळबुळीत असतो.

आता ‘गुडघे बरे होतील’ याविषयी. जपानमध्ये १९४८ सालापासून उष्ण झऱ्यांचा कायदा आहे. झऱ्यातून निघताना पाणी २५ अंश सेल्सियस किंवा त्याहून उष्ण असेल, अथवा कायद्यात दिलेल्या १९ घटकांपैकी एखादा ठरलेल्या प्रमाणात असेल, तर त्याला ‘ओन्सेन’ म्हणता येते. म्हणजे ओन्सेन या शब्दाने औषधी गुणाची हमी मिळत नाही. कपडे बदलण्याच्या जागी पाण्याचे पृथक्करण आणि ते कोणत्या व्याधींत टाळावे याची माहिती लावलेली असते, ती सुनेकडून वाचून घ्यावी. २००४ साली नागानो प्रांतातील एका नावाजलेल्या गावात पाणी दुधाळ दिसावे म्हणून त्यात पूड मिसळली जात असल्याचे उघडकीस आले, आणि त्यानंतर पाण्यात काही मिसळले जाते का, ते तापवले जाते का, हे जाहीर करण्याचे नियम अधिक कडक झाले. गरम पाण्यात सांधे सैल पडतात आणि शरीराचा भार हलका होतो, त्यामुळे त्या दिवशी आणि कदाचित दुसऱ्या दिवशीही बरे वाटेल. झिजलेला गुडघा मात्र एका रात्रीत भरून येत नाही. मुलाच्या बोलण्यातील प्रेम घ्यावे, वैद्यकशास्त्र घेऊ नये.

यजमानांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे, हे प्रथम. कुंडातील पाणी साधारणपणे ४० ते ४२ अंशांचे असते, आणि नोव्हेंबरात हाकोनेच्या डोंगरात हवा चांगलीच गार असते. गार हवेतून एकदम कढत पाण्यात उडी घेतल्यास रक्तदाब झटकन वर जातो, आणि पाण्यातून झटकन उठल्यास तो खाली येऊन घेरी येते. आधी पायांवर, मग कमरेवर, मग खांद्यांवर भांड्याने पाणी घ्यावे, छातीपर्यंतच पाण्यात बसावे, पाच-सात मिनिटांत काठावर यावे, आणि उठताना काठाचा आधार घ्यावा. जेवणानंतर लगेच किंवा साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू, घेतल्यावर स्नान करू नये. मुलाच्या आग्रहाला वडिलांनी एखादा पेला घेतलाच, तर त्या रात्रीचे स्नान रद्द समजावे.

वेळापत्रकाविषयी थोडे. दुपारी तीनच्या सुमारास आत घेतात, संध्याकाळी सहा-सातला जेवण, सकाळी आठच्या आसपास न्याहारी आणि दहा-अकराला निरोप. रात्री आठला पोहोचून जेवण मागण्याची सोय नसते, त्यामुळे तीन वाजताच पोहोचावे म्हणजे जेवणापूर्वीचे शांत स्नान पदरात पडते. खोलीत युकाता नावाचा सुती झगा ठेवलेला असतो. तो घालताना डावी बाजू उजव्या बाजूवर यावी; उलट रीत केवळ मृतदेहाला वस्त्र घालताना पाळतात. चटईवर चपला नेऊ नयेत हे आपल्याला सांगायला नको, पण शौचालयाच्या वेगळ्या चपला असतात आणि त्या तिथेच सोडायच्या असतात. मी स्वतः पहिल्या खेपेस त्या चपला घालून थेट जेवणाच्या दालनापर्यंत गेलो होतो, आणि वाढणाऱ्या बाईंनी एक अक्षरही न बोलता माझ्यासमोर दुसरा जोड आणून ठेवला. बक्षिसी देण्याची पद्धत नाही.

राहता राहिले भाडे. माणशी ३० हजार येन म्हणजे चौघांचे १ लाख २० हजार, आणि वर स्नानकर, जो बहुतेक ठिकाणी माणशी १५० येन असतो. ही रक्कम मोठी आहे हे मी नाकारणार नाही. त्यात चौघांची दोन वेळची जेवणे धरलेली असतात, तरीही निम्म्याहून अधिक पदार्थ आपण खाणार नसाल तर ती रक्कम देण्यात अर्थ नाही. यजमानांना मुलाच्या खिशाची काळजी वाटत असल्यास शनिवारची रात्र टाळून मधल्या वाराची घ्यावी. भाड्यात लक्षणीय फरक पडतो. नोव्हेंबर हा पानांचे रंग पाहायला येणाऱ्यांचा हंगाम असल्याने आरक्षण आणि आहाराविषयीचे पत्र आताच पाठवणे इष्ट.

आणि इतके सगळे करूनही तेथे गेल्यावर कुंडात उतरावेसे वाटले नाही तर उतरू नये. खोलीत बसून डोंगराकडे पाहत चहा पिणाऱ्या पाहुण्याला र्‍योकानमध्ये कोणी कमी लेखत नाही. मुलाला खरी हौस आहे ती आपण चौघांनी काहीतरी एकत्र करण्याची, आणि स्त्री-पुरुषांच्या वेगळ्या कुंडांमुळे ती तशीही पूर्ण होणार नाही, हे बहुधा त्याच्या लक्षात आलेले नाही. त्याला दुसऱ्या दिवशी हाकोनेतल्याच चोकोकु-नो-मोरी येथील उघड्यावरच्या शिल्पसंग्रहालयाचा बेत सुचवावा. १९६९ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात पायांपुरते उष्ण पाण्याचे एक कुंड आहे. साडी घोट्याच्या थोडी वर धरावी, यजमानांनी पायजमा दुमडावा, आणि चौघांनी एका ओळीत काठावर बसावे. बरोबर एक पंचा मात्र असू द्यावा.